न्हावऱ्याचा शिक्का

स्वराज मस्कतहून इनामगावात आला तेव्हा त्याच्या बॅगेत पाच किलो खजूर, आईसाठी न चिकटणारा तवा, बहिणीसाठी अत्तर, एक गोल नक्षीची टोपी आणि पाकीट भरून मेंढरांचे फोटो होते. खजूर, तवा, अत्तर, टोपी हे समजण्यासारखं होतं. फोटोंवरून मात्र कस्तुराबाईंनी त्याला धारेवर धरलं.

"लोकांची पोरं बाहेरदेशी जात्यात, समुद्राचे फोटू आणत्यात, बिल्डिंगीचे आणत्यात. तू मेंढरांचे आणलंस?"

"चांगदेवाला द्यायचेत, आई. लग्नाचा आहेर."

चांगदेवाचं नाव निघालं आणि ओट्यावर वडिलांचा, हौसरावांचा अडकित्ता थांबला. स्वयंपाकघरात अनुपमाच्या हातातलं लाटणंही थांबलं. भाऊ आलाय म्हणून ती सणसवाडीहून चार दिवसांसाठी माहेरी आली होती, आणि या घरात कुठल्या नावाला काय थांबतं हे तिला अजून पाठ होतं.

स्वराजने मुद्दामच नाव घेतलं होतं. सणसवाडीच्या कारखान्यात बिस्किटं पॅक करायची मशीनं जोडता जोडता तो एक दिवस मस्कतला गेला, आणि तिथून कंपनी त्याला कधी तुर्कस्तानला, कधी केनियाला, कधी जॉर्डनला धाडू लागली. प्रत्येक ठिकाणाहून तो चांगदेवाला फोन करायचा, आणि केडगावच्या डेअरीतून चांगदेवाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तिथं मेंढरं हायत का?" असली तर कशी, शिंगांची का बिनशिंगांची, रात्री कुठं बसवतात. चांगदेव मेंढपाळाच्या पोटचा. त्याचे वडील तात्याबा दर हिवाळ्यात कळप घेऊन घोड नदीच्या काठी यायचे आणि हौसरावांच्या रानात मेंढरं बसवायचे. रान खतावायचं, मेंढरं पोटभर खायची. चांगदेवाच्या आईला, सगुणाबाईंना, पाठचा भाऊ नव्हता, म्हणून त्या भाऊबिजेला हौसरावांना ओवाळायच्या. कळपामागे फिरून पोराची शाळा बुडायला लागली तेव्हा हौसरावांनीच चांगदेवाला घरात ठेवून घेतलं. सातवी ते दहावी दोन्ही पोरं एका घोंगडीवर झोपली, एकाच सायकलवरून शाळेत गेली आणि इंग्रजीत मिळूनच नापास झाली.

या खेपेला चांगदेवाने फोनवर मेंढरांचं विचारलंच नाही. तो म्हणाला, "लगीन ठरलं. दौंडची हाय, साधना नाव. तू ये. आन् येताना मामाला घेऊन ये. मामा आला न्हाई तर माझ्या पाठीमागं कोन उभं ऱ्हानार?"

एवढंच सांगून त्याने फोन ठेवला होता. स्वराजला रजा मिळाली आठ दिवसांची, त्यातले दोन येण्याजाण्यातच जाणार होते. लग्न परवावर आलं होतं.

"पत्रिका आली असंल ना?" त्याने आईला विचारलं.

कस्तुराबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे. "आलीया," त्या म्हणाल्या. "पोस्टानं."

"पोस्टानं!" ओट्यावरून हौसरावांचा आवाज आला. ते अशा वेळची वाट बघतच बसले होते. "लाइटबिल येतं पोस्टानं. कोर्टाचं समन्स येतं. मामाचं आवतान पोस्टानं येत न्हाई! घरी यायचं, सुपारी द्यायची, कपाळाला कुंकू लावायचं, तवा मामा उठत असतो. म्या ती उघडलीबी न्हाई."

"आप्पांचं बरोबर आहे," अनुपमा आतून म्हणाली. "आणि माझ्या लग्नात काय केलं तात्यांनी? भरल्या मांडवातून उपाशी उठून गेले. माझी सासू वर्षभर विचारत होती, ते कोण हो, ताटावर रुसणारे?"

"ते का गेले, माहितीय तुला?"

"रागीट माणूस. मानपान फार लागतो. आप्पाच म्हणाले."

स्वराजने वडिलांकडे पाहिलं. वडील सुपारीकडे पाहत होते.

"अनू, फेट्यांची यादी माईकवर मी वाचत होतो," स्वराज म्हणाला. "आप्पांचं सोसायटीचं इलेक्शन तोंडावर होतं, म्हणून इकडचे तिकडचे सगळे पुढारी बोलावले होते. चाळीस नावं वाचली मी. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती त्यांनी, आपलं नाव आलं की लगेच उठता यावं म्हणून. चाळिसावं नाव झालं, तसं त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि गेले. यादीत नव्हतंच त्यांचं नाव. आणि माईक माझ्या हातात असून मला ते घ्यायचं सुचलं नाही."

अनुपमा लाटणं घेऊनच बाहेर आली. "म्हणजे सहा वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतेय, आणि चूक आपली? आप्पा?"

"घाईत ऱ्हायलं," हौसराव पुटपुटले.

"मग जाऊन सांगायचं ना, घाईत राहिलं म्हणून!"

"मुलीचा बाप हाय म्या! जेवन टाकून उठला त्यो. त्याच्या दारात म्या जायाचं?"

"मी तवाच म्हनलं हुतं," कस्तुराबाई आता हळूच लेकीच्या बाजूला सरकल्या. "म्हनलं, दाजींना घरात बोलवून फेटा बांधा. ऐकत्यात का?"

मघापर्यंत तीनास एक असलेलं घर एवढ्यात पालटलं. ओट्यावर हौसराव एकटे उरले आणि त्यांनी सुपारीचा अगदी भुगा केला. पण पालटलं म्हणून काही फायदा नव्हता, कारण या घरात मतं कितीही पडोत, जीपची किल्ली हौसरावांच्या बंडीत असायची आणि हट्टही तिथेच असायचा.

पत्रिका फडताळात सापडली, मेथीच्या डब्यामागे. स्वराज पाकीट फोडायला गेला आणि थबकला. विमानतळावर पासपोर्टचं पान उलटून पालटून पाहायची त्याला सवय लागली होती. कुठला शिक्का, कुठली तारीख, कुठे अर्धाच उमटलाय. पाकिटावरचा शिक्का त्याने उजेडात धरला.

"आप्पा, तात्यांचं पोस्ट कुठलं?"

"केडगाव. दुसरं कुठलं असनार?"

"हा शिक्का न्हावऱ्याचा आहे."

केडगावहून इनामगावला यायचं तर पारगावावरून न्हावऱ्याला उतरायचं आणि तिथून दुसरी गाडी पकडायची. न्हावऱ्यापासून घर दहा-बारा किलोमीटर. पत्रिका टाकायला कुणी एवढं लांब येत नाही. तात्याबा पत्रिका हातात घेऊन निघाले होते, न्हावऱ्यापर्यंत आले होते, आणि तिथून त्यांचे पाय पुढे झाले नव्हते.

स्वराजने पाकीट फोडलं. पत्रिकेवर निमंत्रक होते, व्यवस्थापक होते, समस्त भावकी होती, नावांना जागा पुरली नव्हती. पण 'मामा' या शब्दापुढे एकच नाव होतं, ठसठशीत अक्षरांत, हौसरावांचं. त्याने पत्रिका ओट्यावर ठेवली. हौसरावांनी चष्मा लावला, वाचली, मग पाकीट उचललं आणि तो काळा शिक्का बराच वेळ पाहत बसले.

"तरीबी," शेवटी ते म्हणाले, आणि आवाज निम्म्यावर आला होता, "मूळ आल्याबिगार मामा जात नसतो. रीत हाय ती."

लग्नघरचा माणूस नारळ-सुपारी घेऊन मानकऱ्याला स्वतः न्यायला येतो, त्याला मूळ म्हणतात. हौसरावांनी दार उघडलं नव्हतं, पण कडी काढली होती. स्वराजला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो केडगावच्या वस्तीवर पोहोचला तेव्हा हळद नुकतीच लागून गेली होती. चांगदेव अंगणात पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता. स्वराजला पाहताच तो उठला, तशा चार बायका ओरडल्या, की नवरदेवाने पाटावरून हलायचं नाही. तो पुन्हा बसला आणि त्याने आधी स्वराजच्या पाठीमागे पाहिलं. पाठीमागे कुणी नव्हतं.

"येनार न्हाईत," तो म्हणाला.

"येतील. तात्या कुठायत?"

तात्याबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. कळप विकून पाच वर्षं झाली होती तरी ते बसत उन्हाकडे पाठ करून, कळपावर नजर ठेवल्यासारखे. स्वराज पाया पडला, काही न बोलता फोटोंचं पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने एकेक फोटो लांब धरून पाहिला. जॉर्डनचं मेंढरू पाहून "मोप चाललंय, पाय बघ की" म्हणाला. केनियाचं पाहून "ह्ये शेरडू का मेंढरू?" असं विचारलं. तुर्कस्तानच्या मेंढीचं परातीएवढं शेपूट पाहून मात्र त्याला हसू आवरेना. त्याने सगुणाबाईंना हाक मारली, नवरदेवाला दाखवलं, आचाऱ्यालाही बोलावून दाखवलं.

तो हसत असतानाच स्वराजने विचारलं, "तात्या, न्हावऱ्यापर्यंत आलता?"

तात्याबांनी फोटो नीट लावून पाकिटात घातले. "दोनदा," ते म्हणाले. "पयल्या बारीला वाटलं, आप्पा मीटिंगीला गेलं आसंल, उगंच कशाला जा. दुसऱ्या बारीला वाटलं, आज आसंल घरी, मग तर कसं जायाचं? तिथंच पेटी हुती. टाकली."

"मला म्हनलं, देऊन आलो," सगुणाबाई कडाडल्या. "म्या इचारलं, भाऊ काय म्हनला? तर म्हनं, बरं हाय त्याचं! पेटीला इचारलं हुतं व्हय?"

"आप्पा मूळ आल्याशिवाय उठणार नाहीत, आत्या," स्वराज म्हणाला.

सगुणाबाईंनी भोवती नजर फिरवली. भावकीतली पोरं मांडव घालत होती, दोघं दौंडला गेले होते, एक आचाऱ्याच्या हाताखाली होता. मग त्यांची नजर स्वराजवर येऊन थांबली आणि हळदीच्या हातांनीच त्यांनी त्याचा दंड धरला.

"तू जा."

"मी? आत्या, ते माझंच घर आहे."

"आज न्हाई. आज तू माझ्या घरचा, माझ्या पोराचा भाऊ. उद्या पहाटं जायाचं. दारात उभं ऱ्हायाचं, बोलावल्याबिगार आत पाय टाकायचा न्हाई. पानी दिलं की प्यायचं. आन् आप्पा म्हनायचं न्हाई, मामा म्हनायचं."

तर अशा रीतीने सात देशांत मशीनं जोडून आलेला स्वराज रीतसर पाहुणा म्हणून स्वतःच्या दारात उभा राहिला. हातात नारळ होता, खिशात सुपारी, सदऱ्याच्या बाहीवर हळदीची पाच बोटं. सकाळचे सात वाजले होते. घरच्या कुत्र्याला रीत ठाऊक नव्हती, ते शेपटी हलवत पायांत घुटमळू लागलं. खिडकीत अनुपमा आणि कस्तुराबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

हौसराव ओट्यावर होते. दाढी झाली होती, धोतर कोरं होतं, वर्तमानपत्र तोंडापुढे होतं आणि कालचं होतं.

"कुठलं पाव्हनं?" त्यांनी पेपरामागून विचारलं.

"केडगावचं."

"बसा. पानी द्या गं पाव्हन्यांना." पाणी आलं, गुळाचा खडा आला. पेपर खाली आला. "काय काम काढलं?"

"तात्याबांच्या घरचं मूळ घेऊन आलोय. चांगदेवाचं लगीन हाय. मामांना न्यायला आलोय."

"हं." हौसरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पाव्हण्याकडे पाहतात तसं. "तुमी काय करता?"

स्वराजला हसू आलं, पण वडील हसत नव्हते. तेव्हा त्यानेही नीट उत्तर दिलं. "बाहेरदेशी असतो. मशीनं जोडतो. मस्कतला खोली हाय, पण महिन्यातनं पंधरा दिस फिरतीवर."

"तिकडं जेवनाचं कसं करता?"

"हातानं करतो. भाकरी अजून गोल येत न्हाई."

"थंडी-ऊन?"

"तुर्कस्तानात बर्फात अडकलो होतो दोन दिवस. एक मेंढपाळ होता, त्यानं घरी नेलं. भाषा कळत न्हवती. त्यानं घोंगडी टाकली तवा कळलं सगळं."

हौसरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चार वर्षं दर रविवारी फोन यायचा, ते "जेवलास का" विचारायचे आणि रिसिव्हर कस्तुराबाईंकडे द्यायचे. बर्फाचं त्यांना आज कळत होतं.

"आईबाप हायत का?"

"हायत, गावाकडं."

"मग त्यास्नी घोर लागत असंल."

"लागत असंल. वडील फोनवर बोलत न्हाईत फारसं."

"म्हातारी मानसं," हौसराव म्हणाले आणि उपरण्याने चष्मा पुसू लागले. "फोनवर काय बोलावं कळत न्हाई. समोर आसलं की इचारता येतं."

खिडकीतलं हसणं कधीच थांबलं होतं. स्वराजने तांब्या उचलून पाणी प्यायलं. मग उठून वडिलांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ-सुपारी दिली. हौसरावांनी ती उपरण्यात घेतली.

"चला," ते उठत म्हणाले. "कस्तुरा, माझ्या बंडीतली जीपची किल्ली पाव्हन्यांना दे. हात बसला आसंल त्यांचा परदेशात."

मांडवात गर्दी मावत नव्हती. हौसराव जीपमधून उतरले आणि सगुणाबाई वरमाईचा सगळा तोरा विसरून धावत आल्या. भावाला ओवाळलं, मग तबक खाली ठेवून त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. चांगदेव बाशिंग सावरत पाया पडला, आणि उठला तो हौसरावांना मिठी मारूनच. फक्त तात्याबा जवळ आले नाहीत. ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचं पिंप भरलंय का, हे तिसऱ्यांदा पाहत होते.

मग माईकवर मानाचे फेटे सुरू झाले. पहिलंच नाव आलं, नवरदेवाचे मामा. हौसराव बोहल्याजवळ गेले. टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली. फेटेवाल्याने केशरी कापड झटकलं, तसं हौसरावांनी त्याचा हात धरला आणि कापड आपल्याकडे घेतलं.

"दाजींना बोलवा," ते म्हणाले.

सहा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. तात्याबांना दोघांनी पिंपापासून ओढून आणलं. "आवं, माझं काय? मुहूर्त जवळ आलाय," ते म्हणत होते. हौसरावांनी त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी उतरवली आणि स्वतःच्या हाताने फेटा बांधायला घेतला. पहिला वेढा सुटला, दुसरा बसला. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं वाक्य सगळ्या मांडवाने ऐकलं.

"ह्यो माझ्या अनूच्या लग्नातला फेटा हाय, दाजी. घाईत ऱ्हायला हुता. चुकलं माझं."

तात्याबांनी शेमला चाचपून पाहिला आणि नाक शिंकरलं. अनुपमा पुढे होऊन त्यांच्या पाया पडली.

घोटाळा नंतर उघड झाला. फेटे मानकऱ्यांइतकेच आणले होते, एक जास्त नव्हता, आणि तात्याबांनी सगळ्यांना धरून फक्त स्वतःलाच मोजलं नव्हतं. हौसरावांची टोपी शोधायला गेले तर त्या खुर्चीवर नवरीकडची एक वजनदार आजी बसून होती. भटजींनी माईक ओढून घेतला. "मामा उभे राहा! वेळ टळतेय! मामा, उघड्या डोक्यानं नको!"

स्वराजने खिशात हात घातला. चांगदेवासाठी मस्कतहून आणलेली टोपी होती, गोल, पांढरी, जांभळ्या दोऱ्याच्या बारीक नक्षीची. त्याने ती वडिलांच्या डोक्यावर बसवली. हौसरावांना ती कशी दिसते हे पाहायला वेळच नव्हता. ते चांगदेवाच्या पाठीमागे ताठ उभे राहिले, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अंतरपाट धरला गेला. दौंडची मंडळी आपसांत विचारू लागली, की मामा खास परदेशातून आलेत का. केडगावकरांनी होय म्हणून सांगून टाकलं.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगती सुरू झाल्या. हौसराव पहिल्या पंगतीला बसेनात. दुसरीलाही बसेनात. नवरदेवाचा बाप सगळ्यांच्या शेवटी जेवतो, आणि दाजी बसल्याशिवाय मामा बसणार नव्हता. साधनाने नाव घेतलं, चांगदेवाने आढेवेढे घेऊन घेतलं, वऱ्हाडाचे टेम्पो एकेक करून निघाले. चार वाजता आचारी कढया घासायला लागला तेव्हा मांडवात दोन पत्रावळ्या पडल्या. एकीपुढे केशरी फेटा, दुसरीपुढे मस्कतची टोपी. मध्ये मेंढरांच्या फोटोंचं पाकीट.

स्वराजने भाताचं पातेलं उचललं आणि वाढायला वाकला. तात्याबांनी हात आडवा धरला नाही. एक पळी झाली, दुसरी झाली, तिसरीलाही ते "बास" म्हणेनात, तसा स्वराज घुटमळला.

"वाढ की," हौसराव म्हणाले. "थांबलास का?"

"वाढ, लेकरा," तात्याबा म्हणाले. "सा वर्सांचा उपाशी हाय म्या."